सांध्यापासून सुरुवात: जपानी लाकूडकामाच्या वळणाचं प्रदर्शन-पॅव्हिलियन कसं आखावं

जपानी वळणाचं पॅव्हिलियन आखायचं म्हटलं की पहिल्याच कागदावर टोकं उचललेलं छप्पर उतरतं, त्यापुढे लाल कमान आणि चार कागदी कंदील. तिथेच थांबा. ती लाल कमान, म्हणजे तोरी, शिंतो देवस्थानाच्या हद्दीची खूण आहे. हस्तकलेच्या किंवा फर्निचरच्या दालनापुढे तिचं काही काम नाही. आणि देवळाचं वळणदार छप्पर हे लाकूडकामातलं फार अवघड प्रकरण आहे. नवख्याने त्यात पहिल्याच कामाला हात घालू नये.

मग या परंपरेकडून घ्यायचं काय? माझं उत्तर पक्कं आहे: सांधा घ्या. प्रदर्शनाची इमारत थोडे दिवस उभी राहते, मग उतरते, आणि नीट आखली असेल तर दुसऱ्या गावी पुन्हा उभी राहते. जपानी सुतारांनी या उतरवण्या-उभारण्याचा विचार शतकानुशतकं केला आहे. जपानमधल्या इसे इथल्या मोठ्या शिंतो देवस्थानाच्या मुख्य वास्तू दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात. मागची फेरी २०१३ साली झाली, पुढची २०३३ मध्ये आहे. जुन्या मुख्य वास्तूंच्या आढ्याला पेलणारे खांब टाकून देत नाहीत. त्यांतून उजी पुलाच्या दोन्ही टोकांच्या कमानी घडतात. दुसरं उदाहरण तर प्रदर्शनाचंच आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत १९५४-५५ मध्ये जुंझो योशिमुरा यांनी आखलेलं जपानी घर मांडलं होतं. ते जपानात घडलं, सुटं होऊन समुद्रापार गेलं, आणि प्रदर्शन संपल्यावर पुन्हा सुटं करून फिलाडेल्फियाला नेलं. शोफुसो या नावाने ते आजही तिथे बघता येतं.

म्हणून आराखड्याला बसताना कागदाच्या वरच्या कोपऱ्यात एकच प्रश्न लिहून ठेवा: हे उतरणार कसं? पुढचा प्रत्येक निर्णय त्या प्रश्नाला विचारून घ्यायचा.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू या: हस्तकलेच्या वस्तू मांडण्यासाठी, साधारण ६ मीटर चौरस जागेतलं, आठ खांबांचं पॅव्हिलियन.

आधी जागेचे नियम

आयोजकांकडून या गोष्टी लेखी घ्या: जमिनीत भोक पाडता येतं का, दर चौरस मीटरला जमीन किती वजन पेलते, उंचीची मर्यादा किती, लाकूड आणि कागदासाठी आगीचे नियम काय, उभारणीला किती तास मिळतील, आणि सामान आत येतं त्या दाराची व लिफ्टची मापं काय. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. तुमच्या सर्वांत लांब लाकडाची लांबी बहुतेकदा ट्रक आणि लिफ्टच ठरवतात, कल्पनाशक्ती नव्हे.

बंदिस्त हॉल असेल तर पाऊस-वारा नाही, छप्पर नुसत्या जाळीचं चालतं. उघड्या मैदानात मात्र गोष्ट वेगळी. जपानी देवळांचे खांब जुन्या पद्धतीत दगडावर नुसते टेकवलेले असतात, पायात रोवलेले नसतात. हे वाचून कुणालाही वाटेल की आपणही तसंच करावं. पण देवळाच्या डोक्यावर कौलांचं प्रचंड ओझं असतं आणि ते ओझं खांबांना जागेवर दाबून ठेवतं. तुमच्या पॅव्हिलियनचं छप्पर हलकं आहे. भारतीय मानकानुसार पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, मुंबईसाठी ४४. वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणलं की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. पुण्यासाठी तो सुमारे ९१३ न्यूटन, म्हणजे साधारण ९३ किलोचा भार. ३७ चौरस मीटरच्या छपरावर हे ३.४ टनांच्या आसपास जातं. तात्पुरत्या बांधकामाला मिळणारी सूट, जागेचे आणि आकाराचे गुणक लावल्यावर आकडा बदलेल. पण आठही सागवानी खांबांचं मिळून वजन २०० किलोच्या घरात आहे हे लक्षात घ्या, म्हणजे प्रश्न कळेल. मैदानातलं पॅव्हिलियन स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या हिशोबाशिवाय उभं करू नका. यात तडजोड नाही.

यावर चांगला उपाय म्हणजे जमिनीवर १२ सेंमी उंचीच्या लाकडांची एक चौकट टाकायची, खांब त्या चौकटीत बसवायचे, आणि चौकटीच्या कप्प्यांत काँक्रीटचे ठोकळे किंवा वाळूची पोती भरून वरून फळ्यांची जमीन घालायची. वजन दिसत नाही, भोक पाडावं लागत नाही. किती वजन भरायचं ते इंजिनिअर सांगेल.

मोजमापाची जाळी

जपानी घराचा आराखडा एका जाळीवर बसतो. एक शाकू म्हणजे ३०.३ सेंमी, सहा शाकूंचा एक केन म्हणजे सुमारे १.८२ मीटर. जमिनीवर अंथरायच्या जाड जपानी चटईचा, म्हणजे तातामीचा, आकार प्रांताप्रांतात थोडा बदलतो, पण साधारण एक केन लांब आणि अर्धा केन रुंद. खांबांमधलं अंतर, सरकत्या दारांची रुंदी, चटयांची मांडणी, सगळं एकाच हिशोबात.

नवखे लोक इथे १.८२ मीटर हा आकडा जसाच्या तसा उचलतात आणि मग प्लायवूड कापताना हैराण होतात. आपल्याकडे पत्रा मिळतो ८ बाय ४ फुटांचा, म्हणजे २.४४ बाय १.२२ मीटर. त्यातून १.८२ चा तुकडा काढला की ६२ सेंमी उरतात, पाव पत्रा वाया. जपानात प्लायवूडचा सर्रास मिळणारा पत्रा ९१ बाय १८२ सेंमीचा असतो, म्हणून तिथे जाळी आणि माल एकमेकांशी जुळतात. घ्यायची आहे ती ही जुळणी. महाराष्ट्रात काम करत असाल तर १.२२ मीटर हेच एकक धरा. खऱ्या जपानी चटया मागवून अंथरणार असाल तरच केनकडे वळा, कारण चटई कापता येत नाही.

आपल्या उदाहरणात खांबांमधलं अंतर २.४४ मीटर. दोन्ही दिशांना दोन-दोन गाळे, म्हणजे ४.८८ मीटरचा चौरस. नऊ खांबांपैकी मधला काढून टाकला की आठ उरतात आणि मध्यभाग मोकळा राहतो. पुढच्या आणि एका बाजूच्या कडेला १.२२ मीटरची पडवी जोडली की एकूण माप होतं ६.१० मीटर. पडवीवरचं छप्पर आतल्या खांबांवरून पुढे काढायचं, बाहेर वेगळे खांब नकोत.

खांब आणि आरपार पट्टी

आता खरं काम. जपानी सांध्यांचे शेकडो प्रकार आहेत. लाकडाला लाकूड लांबीने जोडण्याचे वेगळे, कोनात जोडण्याचे वेगळे. ते सगळे बघून भुलायला होतं. पहिल्या पॅव्हिलियनसाठी एकच सांधा निवडा आणि तो नीट शिका. माझी निवड नुकीची.

नुकी म्हणजे खांबाला आरपार पाडलेल्या भोकातून जाणारी आडवी पट्टी. भोक पट्टीपेक्षा थोडं उंच ठेवतात आणि उरलेल्या फटीत पाचर मारतात. बाराव्या शतकाच्या अखेरीस नारा इथलं तोदाइजी मंदिर पुन्हा उभारलं तेव्हा ही पद्धत ठळकपणे पुढे आली. तिथला ११९९ सालचा दक्षिण महादरवाजा आजही उभा आहे आणि त्याच्या खांबांतून आरपार गेलेल्या पट्ट्या खाली उभं राहून मोजता येतात. क्योतोच्या कियोमिझू-देराचा सुमारे १३ मीटर उंच लाकडी सज्जाही अशाच पट्ट्यांनी बांधलेला आहे. ते मंदिर १६३३ साली पुन्हा उभारलं. ओसाकाच्या २०२५ सालच्या जागतिक प्रदर्शनात सोऊ फुजिमोतो यांनी आखलेलं, सुमारे दोन किलोमीटर घेराचं लाकडी कडंही याच सांध्यावर बेतलेलं होतं. ६१,०३५ चौरस मीटरच्या त्या कड्याची जगातली सर्वांत मोठी लाकडी वास्तुरचना म्हणून गिनेसमध्ये नोंद झाली. तिथे सांध्यांत धातूचीही मदत घेतली आहे. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की खिळा किंवा बोल्ट वापरला तर आपण परंपरा मोडली, अशी भीती अनेकांना असते. सुरक्षेसाठी लागला तर बोल्ट घाला. फक्त तो सुटला पाहिजे.

हा सांधा जोर कसा पेलतो? चौकट आडवी ढकलली की पट्टी भोकात तिरकी व्हायला बघते. भोकाच्या कडा पट्टीच्या लाकडात दबतात. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने दाबलं की ते हळूहळू चेपतं, काचेसारखं फुटत नाही. हे चेपणं भूकंपाची किंवा वाऱ्याची ताकद खाऊन टाकतं. मिलान इथल्या २०१५ च्या जागतिक प्रदर्शनात अत्सुशी कितागावारा यांनी जपानच्या पॅव्हिलियनची त्रिमितीय लाकडी जाळी याच चेपण्याच्या जोरावर, धातूच्या जोडण्यांशिवाय उभी केली होती. मात्र अशी चौकट थोडी हलते, हे गृहीत धरा. पॅव्हिलियनमध्ये काचेची कपाटं असतील तर ती चौकटीला टेकवू नका.

मापं अशी धरा. खांब १२ बाय १२ सेंमी. पट्टी ३ सेंमी जाड, १२ सेंमी उंच. खांबात भोकाच्या दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार सेंमी लाकूड शिल्लक राहतं. भोकाची उंची पट्टीपेक्षा १० ते १२ मिमी जास्त. पाचरींचा उतार आठास एक ते दहास एक, आणि पाचर दोन्ही बाजूंनी मारायची. जपानात पाचरी आणि खुंट्यांना कठीण ओकचं लाकूड वापरतात. आपल्याकडे बाभूळ उत्तम. पाचर मऊ लाकडाची असेल तर तीच आधी चेपते आणि सांधा ढिला पडतो.

दोन चुका इथे हमखास होतात. एकाच खांबात दोन दिशांच्या पट्ट्या येतात, आणि कागदावर त्या एकाच उंचीवर काढल्या जातात. प्रत्यक्षात त्या एकमेकींना आडव्या येतात. एका दिशेची पट्टी जमिनीपासून २.१० मीटरवर घ्या, दुसऱ्या दिशेची २.३४ वर, म्हणजे दोन भोकांमध्ये सुमारे अकरा सेंमी भरीव लाकूड राहील. मागच्या दोन भिंतींत दारं नाहीत, तिथे कमरेच्या उंचीवर आणखी एक-एक पट्टी घाला, ताठपणा बराच वाढतो.

दुसरी चूक उभारणीच्या दिवशीच कळते. पट्टी खांबांतून सरकवायची असते, म्हणजे ती आत जाण्याआधी तेवढीच लांबी बाहेर मोकळी हवी. शेजारी दुसऱ्याचा स्टॉल किंवा भिंत असेल तर पाच मीटरची पट्टी सरकवायची कुठून? जुनी युक्ती अशी की पट्टीचे दोन तुकडे करायचे आणि त्यांचा जोड मधल्या खांबाच्या भोकाच्या आत लपवायचा. दोन टोकं एकमेकांत अडकतील अशी कापतात आणि वरून पाचर बसली की जोड कुठे आहे हे दिसतही नाही. अडीच मीटरच्या आसपासचे तुकडे ट्रकमध्येही नीट बसतात.

नुकीला पर्याय म्हणून चिदोरीची, म्हणजे खाचा पाडलेल्या काठ्या एकमेकींत अडकवून होणारी जाळी अनेकांना खुणावते. हिदा-ताकायामाच्या एका लाकडी खेळण्यावरून वास्तुरचनाकार केंगो कुमा यांनी ती वापरली. आइची प्रांतातल्या कासुगाई इथे २०१० मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या संग्रहालयात ६ सेंमी जाडीच्या काठ्या ५० सेंमीच्या जाळीत गुंफल्या आहेत, आणि ती जाळीच वस्तू मांडायचं कपाटही होते. कल्पना फार सुंदर आहे. पण तिथे शेकडो खाचा एकसारख्या कापाव्या लागतात, आणि प्रत्येक खाच काठीची जाडी खाते. सुरुवातीला एखादी भिंत किंवा मांडणी चिदोरीची करा, अख्खी इमारत नको.

लाकूड

जपानात देवळांना हिनोकी (जपानी सायप्रस), घरांना सुगी (जपानी सीडर) आणि हिनोकी, भक्कम खांबांना केयाकी हे कठीण लाकूड. हिनोकी इथे मागवण्याचा हट्ट धरू नका. साग आकाराने फारसा बदलत नाही, पटाशीखाली नीट कापला जातो, आणि जुन्या वाड्यांचे उतरवलेले वासे-तुळया मिळाल्या तर त्या वर्षानुवर्षं वाळलेल्या असतात. फक्त त्यांतले जुने खिळे शोधून काढा. बजेट कमी असेल तर आयात पाइन चालेल. मग खांबाची जाडी इंजिनिअरला विचारून वाढवा.

ओलावा मोजायचं छोटं यंत्र विकत घ्या. १२ टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय भोकं पाडू नका. ओल्या लाकडात आज घट्ट बसलेली पट्टी डिसेंबरात खुळखुळते. जपानी सुतार गाभ्यासकट घेतलेल्या खांबाच्या न दिसणाऱ्या बाजूला गाभ्यापर्यंत एक उभी चीर आधीच पाडतात. लाकूड वाळताना तडकायचंच, ते तिथे तडकतं आणि दर्शनी बाजू साफ राहते. भिंतीकडच्या खांबांना ही युक्ती जरूर वापरा.

पॉलिश, वार्निश, रंग नको. धारदार रंध्याने काढलेला पृष्ठभाग हेच फिनिशिंग. खांब तयार झाला की त्याला कागद गुंडाळा आणि तो उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत काढू नका. जपानात बांधकाम चालू असताना हेच करतात. उघड्या लाकडावर घामेजलेल्या हातांचे डाग पटकन उठतात.

डोळ्याची उंची

जपानी खोली बसलेल्या माणसासाठी आखलेली असते. कमी उंचीची खिडकी, जमिनीलगतचा देवळीसारखा कोनाडा, खालपर्यंत आलेली वळचण, हे सगळं चटईवर बसून बघितलं की जमून येतं. प्रदर्शनाला येणारा माणूस उभा असतो, चालत असतो, खांद्याला पिशवी असते. त्याची नजर दीड मीटरवर. खोलीची हुबेहूब नक्कल केली तर त्याला फक्त लोकांची डोकी आणि पट्ट्यांच्या वरच्या कडा दिसतील. म्हणून कोनाड्याची पायरी ७०-७५ सेंमीपर्यंत उचला, आणि त्यात एकच वस्तू ठेवा. दोन ठेवाव्याशा वाटतील. एकच ठेवा.

पडवी ही माझ्या मते पॅव्हिलियनमधली सर्वांत मोलाची जागा. लोक तिथे टेकतात, सोबत आलेल्यांची वाट बघतात, आत जायचं की नाही ते ठरवतात. पारंपरिक पडवी बसण्याजोगी, ४०-४५ सेंमी उंच असते. पण जमीनच तेवढी उचलली तर चाकाच्या खुर्चीसाठी बारास एक उताराने ५.४ मीटर लांब रॅम्प लागतो, आणि तो मावत नाही. जमीन १५ सेंमीवर ठेवा. आपली १२ सेंमीची चौकट आणि वरची फळी मिळून तेवढंच होतं. मग १.८ मीटरचा रॅम्प पुरतो. बसण्यासाठी पडवीची बाहेरची कड तेवढी बाकासारखी उंच करा. आतली चालायची वाट दीड मीटरपेक्षा अरुंद नको.

प्रवेश मधोमध, समोरून देऊ नका. सेविलच्या १९९२ च्या प्रदर्शनात ताडाओ आंदो यांनी जपानच्या पॅव्हिलियनमध्ये लोकांना आधी एका मोठ्या कमानदार पुलावरून चढायला लावलं होतं. आत शिरण्याआधीच पावलांचा वेग बदलायचा. तुमच्याकडे पूल नाही, पण कोपऱ्यातून येऊन एक वळण घ्यायला लावण्याइतकी पडवी आहे. वाट वळली की समोरचं दृश्य कसं झाकतं आणि उघडतं, हे पुण्यातल्या पु. ल. देशपांडे उद्यानात निवांत फिरून पाहा; ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे.

प्रकाश वरून थेट वस्तूवर मारायचा मोह आवरा. पडवीच्या फळ्यांवरून परतलेला आणि कागदी जाळीदार पडद्यातून गाळलेला उजेड लाकडाला खुलवतो. दिवे वळचणीखाली लपवून पडद्याच्या मागे लावा, आणि फक्त कोनाड्यातल्या वस्तूला एक छोटा दिवा द्या. कागद साधा नको. आगरोधक प्रक्रिया केलेला घ्या आणि त्याचं प्रमाणपत्र जवळ ठेवा. तपासणीला ते मागतात.

नमुना, खुणा, उभारणी

एकास दहा मापाचं प्रतिरूप करा, पण त्यावर विसंबू नका. त्यानंतर खऱ्या मापाचा एक खांब आणि दोन पट्ट्या घेऊन एकच सांधा करून बघा. सुतार निवडताना ज्याने जुन्या वाड्याची दुरुस्ती केली आहे असा माणूस शोधा. त्याला जपानी नावं माहीत नसतील, पण पाचर किती ठोकायची हे त्याच्या हाताला कळतं. नमुना सांध्यावर त्याच्याशी बोला, मापं बदला, मगच उरलेलं लाकूड कापायला काढा.

सगळं कापून झालं की कार्यशाळेच्या अंगणात पूर्ण चौकट एकदा उभी करा. पाचरी हलक्या हाताने. ही पायरी वेळ नाही म्हणून गाळली जाते, आणि मग हॉलमध्ये रात्री दोनला पटाशी चालवावी लागते. उभी असतानाच खुणा घाला. जपानी सुतार आराखड्याच्या एका दिशेला इ-रो-हा ही अक्षरं आणि दुसऱ्या दिशेला आकडे देतात, म्हणजे प्रत्येक खांबाला पत्ता मिळतो. तुम्ही क, ख, ग आणि १, २, ३ घ्या. मधल्या रांगेतला पहिला खांब ‘ख १’. खूण खांबाच्या चौकटीत जाणाऱ्या टोकावर, नेहमी एकाच दिशेच्या बाजूला लिहा, म्हणजे खांब उलटा फिरणार नाही.

उभारणीचा क्रम: जमिनीवरची चौकट, तिचं वजन, मग समोरची तीन खांबांची रांग आडवी ठेवूनच पट्ट्या ओवून घ्या आणि चार जणांनी ती उचलून चौकटीत बसवा. तशीच मागची रांग. त्यानंतर दुसऱ्या दिशेच्या पट्ट्या, आणि त्या सरकवतानाच बाजूंचे मधले दोन खांब. ओळंबा धरून सगळं सरळ करा, आणि मगच पाचरी ठोका; एका कोपऱ्यात पूर्ण आवळून पुढे जाऊ नका, सगळीकडे थोडी-थोडी आवळत फिरा. शेवटी वरच्या तुळया आणि छप्पर. तोवर चौकटीला तात्पुरते तिरके टेकू लावलेले असू द्या. प्रदर्शन चालू असताना रोज सकाळी एक फेरी मारून पाचरी हाताने हलवून बघा; एसी हॉलमध्ये लाकूड सुकतं आणि पहिल्या दोन दिवसांत काही ढिल्या पडतात.

उतरवताना नेमका उलटा क्रम. पाचर बाहेर काढायला तिचं जाड टोक दीड-दोन सेंमी बाहेर राहील एवढी लांब ठेवलेली असावी, नाहीतर ती फोडावी लागते. लाकडं आडवी, सपाट, मध्ये पातळ पट्ट्या घालून रचा, खांब कागदात पुन्हा गुंडाळा, आणि प्रत्येक पेटीवर आत काय आहे ते आराखड्यातल्या त्याच अक्षर-आकड्यांनी लिहा. पाचरींची पेटी वेगळी ठेवा. पुढच्या उभारणीआधी ती उघडून बघा. चेपलेल्या पाचरी बाजूला काढून तेवढ्या बाभळीच्या नव्या करून घ्या, खांब-पट्ट्यांना हात लावायची गरज पडणार नाही.